डब्याचे झाकण

घरात झाकणाची आठवण दोनच प्रसंगी होते. एक, ते उघडत नाही तेव्हा. आणि दुसरे, ते सापडत नाही तेव्हा. एरवी सारे कौतुक डब्याच्या वाट्याला जाते. डबा पितळेचा की स्टीलचा, केवढ्याचा, कोणाच्या लग्नात आलेला, हे घरातील कोणीही सांगेल. पण झाकणाची चौकशी कोणी करीत नाही. वास्तविक झाकणावाचून डबा म्हणजे नुसते उघडे पात्र. मुंग्या, झुरळे, उंदीर, पावसाळी हवा आणि शेजारच्या घरातील चौकस पोर या सर्वांविरुद्ध जे काही संरक्षण आहे, ते झाकणाच्या त्या दोन बोटांच्या काठात आहे.

अलीकडे स्वयंपाकघरांत एक नव्या तऱ्हेचे झाकण येऊन स्थिरावले आहे. ते प्लास्टिकचे असते आणि पात्राच्या तोंडावर दाबून घट्ट बसवलेले असते. त्याच्या माथ्यावर एक किंवा दोन लहान जिभल्या आखलेल्या असतात. अंगठ्याने दाबले की जिभली आत जाते आणि वाट मोकळी होते; काम झाले की जिभली जागेवर आणावी किंवा वरची टोपी बसवावी, म्हणजे पात्र पुन्हा मिटते. मसाल्याच्या नळकांड्यावर, तेलाच्या डब्याच्या तोंडाशी, प्रवासात मिळणाऱ्या कॉफीच्या कागदी पेल्यावर याच कल्पनेची निरनिराळी रूपे दिसतात. वस्तू दिसावयास क्षुल्लक. परंतु तिच्याकडून आपण ज्या अपेक्षा करतो त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. ती वाटेत उघडता कामा नये, आणि घरी येताच सहज उघडली पाहिजे. ती पुन्हा लागली पाहिजे. आणि तरीही ती आधी कोणी उघडली होती की नाही, हे तिने प्रामाणिकपणे सांगितलेही पाहिजे. या चार अटी एकाच झाकणाने पाळाव्यात हे मागणे लहान नव्हे.

या झाकणाची पूर्वपीठिका पाहावयाची तर एखादी जुनी वस्ती निवडावी. कारण जुन्या घरांत नवी वस्तू येते, पण जुनी निघून जात नाही. रायपूर शहरातील बूढापारा ही अशी एक वस्ती आहे. बूढा तलावाच्या काठची ही जुनी आळी. बालपणीचे विवेकानंद, म्हणजे त्या वेळचा नरेंद्र, 1877 साली वडिलांबरोबर रायपुरास आला तो याच भागात राहिला. म्हणूनच तलावाला आता विवेकानंद सरोवर असेही म्हणतात. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, पुढे 1854 पासून इंग्रजांचा झाला, आणि 1956 पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. या दोनशे वर्षांच्या ये-जा करण्यातून कारकून, वकील, मास्तर अशी मराठी कुटुंबे बूढापारा, ब्राह्मणपारा, तात्यापारा या लगतच्या वस्त्यांतून रुजली. ज्यांनी 1900 साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि पुढे लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत उतरवले, ते माधवराव सप्रे मराठीच. त्यांच्या नावाची शाळा बूढापाऱ्यात आहे. अशा वस्तीतील मराठी घराच्या कोठीघरात नागपूर आणि छत्तीसगड शेजारी शेजारी मांडलेले असतात. एका फळीवर लोणच्याची चिनी मातीची बरणी, तर कोपऱ्यात धानाची मातीची कोठी.

ही कोठी नीट पाहण्यासारखी असते. धान्य वरून भरावयाचे, आणि काढावयाचे मात्र तळाशी ठेवलेल्या लहान भोकातून. त्या भोकात चिंध्यांचा एक बोळा दाबून बसवलेला असतो. बोळा काढला की धान्य सुपात पडते. पुन्हा दाबला की कोठी बंद. पुन्हा पुन्हा मिटता येणारे तोंड ही काही कारखान्याची देणगी नव्हे. ज्या बाईने पहिल्यांदा साऱ्या कोठीचे तोंड न उघडता तळातून शेरभर धान्य काढले, तिला आजच्या झाकणातील मुख्य तत्त्व उमगलेले होते. ते असे की, घ्यावयाचे थोडे असेल तर उघडावयाचेही थोडेच.

बरणीची रीत याच्या उलट. लोणचे मुरेपर्यंत बरणी उघडावयाचीच नसते. झाकण ठेवून वर स्वच्छ फडक्याचा दादरा बांधला की ती जणू सोवळ्यात जाते. दादऱ्याची गाठ प्रत्येकीच्या हाताची वेगळी, त्यामुळे मधल्या काळात कोणी लोणचे चाखले असेल तर घरच्या बाईला ते गाठीवरून कळते. आजच्या भाषेत ज्याला उघडल्याची खूण म्हणतात, ती अशी सुताच्या गाठीत होती.

तिसरा प्रकार देवघरात. काशीहून किंवा प्रयागाहून आणलेला गंगेचा गडू. तांब्याच्या लहानशा गडूचे तोंड कथलाने पक्के बंद केलेले असते. त्याला उघडण्याची सोयच नसते. तो फोडावयाचा, तोही एकदाच, घरातील कोणाच्या अखेरच्या वेळी. कथील अभंग आहे तोवर आतले पाणी गंगेचेच, याविषयी कोणालाही शंका येत नाही. कोठी, बरणी आणि गडू या तिघांनी झाकणाचे तीन स्वभाव वाटून घेतले आहेत. एक सदैव उघडमीट करणारे, दुसरे उघडल्यास चुगली करणारे, आणि तिसरे एकदाच उघडणारे. नव्या झाकणाला हे तिन्ही स्वभाव एकाच अंगी बाणवावे लागतात, आणि त्याची सारी अडचण तेथेच आहे.

पत्र्याचा डबा घरात आला आणि हा प्रश्न एकदम ठसठशीत झाला. अन्न टिकवण्यासाठी पत्र्याचा हवाबंद डबा वापरण्याचे पेटंट पीटर ड्युरंड या इंग्रजाने 1810 साली घेतले. परंतु डबा उघडण्याचे हत्यार अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने पेटंट करून घेतले ते 1858 साली. मधली अठ्ठेचाळीस वर्षे माणसे छिन्नी आणि हातोडी घेऊन जेवावयास बसत होती. बंद करण्याची विद्या नेहमी पुढे धावते आणि उघडण्याची मागून लंगडत येते, असे झाकणाच्या इतिहासात वारंवार दिसते.

आपल्याकडे पत्र्याच्या डब्याची ओळख झाली ती प्रामुख्याने रॉकेलमुळे. चार गॅलनांचा, म्हणजे सुमारे अठरा लिटरांचा तो चौकोनी डबा रिकामा झाला की पाणी भरण्यापासून धान्य साठवण्यापर्यंत वाटेल त्या कामाला येई. पुढे 1937 साली डालडा बाजारात आले आणि त्याचे ताडाच्या झाडाचे चित्र असलेले डबे घरोघर तुळशीच्या कुंड्या झाले. गोड्या तेलाचा पंधरा किलोचा डबा अजूनही त्या जुन्या रॉकेलच्या डब्याच्याच घाटाचा आहे. तो घरी आणला की पूर्वी एक ठरावीक सोहळा होत असे. डबा पाटावर ठेवावयाचा, एक मोठा खिळा किंवा जुना पेचकस घ्यावयाचा, आणि माथ्याच्या एका कोपऱ्यात ठोकून भोक पाडावयाचे. जाणता माणूस तेवढ्यावर थांबत नसे. तो समोरच्या कोपऱ्यात दुसरे लहान भोक पाडी. नवशिक्याला दुसरे भोक व्यर्थ वाटे, आणि मग तेल गळगळ करीत, आचके देत बाहेर येई, निम्मे भांड्यात आणि निम्मे जमिनीवर.

कारण साधे आहे. डब्यातून जेवढे तेल बाहेर जाते तेवढी हवा आत आली पाहिजे. एकच भोक असेल तर हवेला आणि तेलाला त्याच दारातून आळीपाळीने जावे लागते. तेल क्षणभर थांबते, हवेचा एक बुडबुडा आत घुसतो, मग तेल उसळते. दुसरे भोक असले की हवा मागच्या दाराने शांतपणे येते आणि धार सुतासारखी पडते. आटवलेल्या दुधाचा डबा उघडतानाही हीच युक्ती करतात. आजच्या प्लास्टिकच्या झाकणावर पुष्कळदा एकाऐवजी दोन जिभल्या असतात, एक मोठी आणि एक लहान, याचा उगम या खिळ्याच्या दोन भोकांत आहे. ही शोभा नव्हे. लहान जिभली म्हणजे हवेचे दार.

हीच योजना अमेरिकेत 1970 च्या दशकात कूर्स या मद्यउत्पादकाने आपल्या ॲल्युमिनियमच्या डब्यांवर केली होती. माथ्यावर दोन गोल बटने. आधी लहान दाबून आतला वायू सोडावयाचा, मग मोठे दाबून पेय ओतावयाचे. विचार अगदी बिनचूक होता. परंतु पत्र्याचे बटन दाबताना बोट त्याबरोबर आत जाई आणि धारदार कडेने कापले जाई, म्हणून ती तऱ्हा फार काळ टिकली नाही. दाबून उघडावयाचे झाकण धातूला मानवले नाही; त्याला असा पदार्थ हवा होता की जो वाकेल, परंतु चावणार नाही.

दाबून उघडण्याची एक युक्ती मात्र प्लास्टिकच्याही फार आधी यशस्वी झाली होती, आणि ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. ती म्हणजे गोटीसोड्याची बाटली. इंग्लंडातील हायरम कॉड याने 1870 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती सिद्ध केली. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी. आतल्या वायूच्या दाबाने ती वर ढकलली जाऊन रबराच्या कड्यावर घट्ट बसते. म्हणजे आत कोंडलेला कैदीच दार लावून धरतो. अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने गोटी आत ढकलली की फट्‌ असा आवाज होतो, आणि तो आवाज हीच सोडा ताजा असल्याची ग्वाही. विकसित देशांतून ही बाटली जवळजवळ गेली. जपानात ती रामुने या पेयासाठी राहिली, आणि आपल्याकडे बाजाराच्या नाक्यावर आणि यात्रेत राहिली. 1892 साली विल्यम पेंटरने पत्र्याचे दातेरी बूच पेटंट केले आणि जगभर गोटीची जागा घेतली. हे बूच स्वस्त आणि पक्के खरे; पण ते एकदा काढले की परत लागत नाही, आणि काढावयास हत्यार लागते. गोटी या दोन्ही बाबतींत त्याहून थोडी सुसंस्कृत होती.

वाकणारा पदार्थ मिळाला तो योगायोगाने. 1933 च्या मार्चमध्ये इंग्लंडातील विनिंग्टन येथे फॉसेट आणि गिब्सन हे दोन रसायनज्ञ इथिलीन वायूवर प्रचंड दाबाचे प्रयोग करीत असता पात्राच्या तळाशी मेणासारखा एक पांढरा पदार्थ उरला. तेच पॉलिथिन. पुढे 1953 साली जर्मनीत कार्ल झीग्लरने ते कमी दाबात बनवण्याची वाट काढली, 1954 साली इटलीत जुलिओ नाता याने पॉलिप्रॉपिलीन सिद्ध केले, आणि दोघांना मिळून 1963 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या बहुतेक झाकणांचे कूळ या दोन पदार्थांत आहे. आपल्याकडे 1968 साली ठाणे-बेलापूर भागात नोसिलचा कारखाना सुरू झाला आणि नंतर बडोद्याचा प्रकल्प उभा राहिला, तेव्हापासून हा कच्चा माल देशात मुबलक मिळू लागला. त्यापूर्वी दोनच वर्षे, 1966 साली, मुंबईत भारतीय पॅकेजिंग संस्था स्थापन झाली होती. वस्तू बांधून पाठवणे हे शास्त्र आहे, हे सरकारदरबारी मान्य झाल्याची ती खूण.

मऊ प्लास्टिकचे झाकण घट्ट कसे बसवावे, हे अमेरिकेत अर्ल टपर याला सुचले. रंगाच्या डब्याचे झाकण तो न्याहाळीत असे. पत्र्याचे ते झाकण डब्याच्या खोबणीत घट्ट दाबून बसवलेले असते आणि उघडताना चमच्याच्या दांड्याने उचकटावे लागते. टपरने तीच खोबण उलट करून झाकणाला दिली, 1946 च्या सुमारास आपली भांडी बाजारात आणली, आणि झाकणाच्या मध्यावर दाबून आतली थोडी हवा काढून टाकण्याची सवय गृहिणींना लावली. दुकानांत ती भांडी पडून राहिली. कारण झाकण कसे लावावे हे कोणाला कळेना. शेजारणींना घरी बोलावून प्रात्यक्षिक दाखवावे लागले, तेव्हा ती खपली. झाकण लावण्याची कला शिकवावी लागते, हे कोणत्याही मराठी सासूने त्याला फुकट सांगितले असते.

जिभलीचे रहस्य दोन गोष्टींत आहे. पहिली, तिच्या भोवतीची रेघ. साच्यातच त्या रेघेवर प्लास्टिकचा थर मुद्दाम पातळ ठेवतात. तो फार पातळ झाला तर वाटेतल्या धक्क्याने झाकण फुटते. फार जाड राहिला तर अंगठा दुखतो आणि शेवटी सुरी आणावी लागते. सुरी आणावी लागली की झाकण करणाऱ्याची परीक्षा झाली असे समजावे. दुसरी गोष्ट म्हणजे जिभली ज्या बाजूने झाकणाला जोडलेली राहते ती बिजागरी. पॉलिप्रॉपिलीनची पातळ पट्टी साच्यातून निघताच एकदोनदा वाकवली की तिच्यातील लांबलचक रेणू एका दिशेने ओळीत बसतात. मग ती हजारो वेळा वाकवली तरी तुटत नाही. लोखंडाची तार चार वेळा वाकवली की तुटते. ही पट्टी वाकवल्याने चिवट होते. तेलाच्या बाटलीची टोपी बाटलीलाच लटकून राहते आणि वर्षभर उघडमीट सोसते, ती या गुणामुळे.

याच सुमारास आपल्या देशात एक मोठी मौजेची लढाई झाली, आणि तिचा प्रतिस्पर्धी होता उंदीर. मुंबईच्या बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजचे पॅराशूट खोबरेल पूर्वी पत्र्याच्या डब्यात येई. 1980 च्या दशकात हर्ष मारीवाला यांनी ते प्लास्टिकच्या बाटलीत आणावयाचे ठरवले. प्लास्टिक स्वस्त, दिसावयास नीटस. पण दुकानदार ऐकेनात. कारण आधी कोणीतरी चौकोनी प्लास्टिकच्या बाटल्यांतून तेल आणले होते. त्यांच्या तोंडाशी थेंब थेंब तेल झिरपे, वासाने उंदीर येत, चौकोनाचे कोपरे दातांत धरून कुरतडत आणि दुकानाच्या फळ्या तेलाने माखून जात. तेव्हा दोन उपाय केले गेले. बाटली गोल केली, म्हणजे उंदराच्या दाताला धरावयास कोपराच मिळू नये. आणि तोंड असे बंद केले की बाहेर एक थेंबही येऊ नये, म्हणजे उंदराला आमंत्रणच जाऊ नये. मग पिंजऱ्यात उंदीर आणि बाटल्या एकत्र ठेवून परीक्षा घेतली. बाटल्या शाबूत राहिल्या आणि दुकानदारांची समजूत पटली. झाकणाचा शत्रू कोण, हे आधी ओळखावे लागते. परदेशी कारखानदाराने बहुधा उंदराचा विचार केला नसता. येथील वाणी दुसऱ्या कशाचा विचार करीत नव्हता.

खोबरेल थंडीत थिजते आणि उन्हाळ्यात पाण्यासारखे पातळ होते. रायपुरात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस अंशांच्या आसपास जातो. प्लास्टिक मऊ पडते, आतली हवा फुगते, आणि हिवाळ्यात चोख बसणारे झाकण उन्हाळ्यात सैल वाटू लागते. त्यानंतर लगेच पाऊस, आणि हवेतला ओलावा असा की उघडे राहिलेले मीठ दोन दिवसांत पाझरते, पोहे नरम पडतात. बूढापाऱ्यातील गृहिणी झाकणाची परीक्षा प्रयोगशाळेत करीत नाही. ती श्रावणात पापडाचा डबा उघडते आणि एक पापड मोडून पाहते. मोडला तर झाकण चांगले, वाकला तर वाईट.

येथपर्यंत प्रश्न सोयीचा होता. परंतु 1998 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत तो जिवावर आला. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले होते. या धोत्र्याची बी दिसावयास मोहरीसारखीच, आणि तिच्या तेलातील विष रंगावरून, वासावरून ओळखू येत नाही. माणसांचे पाय सुजू लागले, दम लागू लागला, हृदय थकू लागले. साठांहून अधिक माणसे दगावली आणि सुमारे तीन हजार आजारी पडली. त्यांतील बहुतेकांनी नेहमीच्याच दुकानातून, नेहमीच्याच विश्वासाने तेल आणले होते.

जुन्या वस्तीत तेलाची खात्री झाकण देत नसे. तेली देत असे. घाणी दृष्टीसमोर फिरे, बुधल्यातून माप घालणारा माणूस तीन पिढ्यांचा ओळखीचा असे, आणि बाटलीच्या तोंडात कागदाचा बोळा कोंबला की पुरे होई. भेसळ तेव्हाही होती. पण कोणी केली हे आळीला ठाऊक असे. तेल शंभर कोसांवरून, अनेक हातांतून येऊ लागले तेव्हा तोंडओळखीची ती हमी उरली नाही. सप्टेंबर 1998 मध्ये केंद्र सरकारने खाद्यतेल पॅकबंद रूपातच विकण्याचा आदेश काढला. राज्यांना सूट देण्याची मुभा त्यात होती, तरी दिशा ठरून गेली. एकदा वापरलेला पत्र्याचा डबा पुन्हा खाद्यतेल भरण्यासाठी वापरू नये, हाही नियम आता आहे. जी जबाबदारी तेल्याच्या चेहऱ्यावर होती, ती झाकणाच्या कड्यावर आली. कडे अखंड आहे तर तेल कारखान्यातून निघाले तसेच आहे. तुटलेले आहे तर घेऊ नये. गंगेच्या गडूवरील कथलाचे काम आता प्लास्टिकची एक पातळ पट्टी करते.

अमेरिकेत हा धडा 1982 साली शिकावा लागला होता. शिकागो परिसरात टायलेनॉल या औषधाच्या बाटल्यांत कोणा दुष्टाने सायनाइड मिसळले आणि सात माणसे मेली. बाटल्यांची झाकणे उघडून पुन्हा लावली होती, आणि ती लावली आहेत हे कोणालाच कळले नव्हते. पुन्हा मिटता येणे हा झाकणाचा गुण त्या दिवशी दोष ठरला. तेव्हापासून औषधाच्या तोंडावर पातळ पापुद्रा, भोवती आकसून बसवलेले वेष्टन आणि तुटणारे कडे यांची सक्ती आली. दाबून आत जाणाऱ्या जिभलीच्या बाजूने येथे एक गोष्ट सांगता येते. तिच्या भोवतीची रेघ एकदा फाटली की फाटलीच. ती पुन्हा जागेवर आणता येते, पण पुन्हा कुमारी होत नाही. पहिल्यांदा उघडताना तुटावयाचे आणि नंतर रोज मिटावयाचे, हे दोन्ही एकाच जागी साधल्यामुळे या साध्या युक्तीला पंचतारांकित कुलपापेक्षाही अधिक मान द्यावयास हरकत नाही. मात्र ग्राहकाने रेघ पाहिली पाहिजे. दुकानातून डबा घेताना किंमत पाहणारे पुष्कळ, वजन पाहणारे थोडे, आणि रेघेवरून अंगठा फिरवणारे फारच विरळा.

उघडणाऱ्याचा हात कोणाचा आहे, हाही एक प्रश्न आहे आणि तो अजून नीट सुटलेला नाही. घरात चार वर्षांचे मूल असते आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आजीही असते. औषधाची बाटली मुलाला उघडता येऊ नये आणि आजीला यावी. कॅनडातील विंडसर येथे हेन्री ब्रो या डॉक्टरांच्या प्रयत्नाने 1967 साली तळव्याने दाबून मग फिरवावयाचे झाकण निघाले. दोन क्रिया एकदम करणे लहान मुलाला जमत नाही, या निरीक्षणावर ते आधारलेले होते. अमेरिकेत 1970 साली त्याविषयी कायदाच झाला. तेथे अशा झाकणाची परीक्षा साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांवर घेतात: दहा मिनिटे देऊनही, आणि मध्ये उघडून दाखवूनही, शेकडा ऐंशी मुलांना ते उघडता येऊ नये. दुसरी परीक्षा पन्नास ते सत्तर वर्षांच्या माणसांवर. त्यांतील शेकडा नव्वदांना ते उघडून परत लावता आले पाहिजे. सत्तरीच्या पुढच्या माणसाचे काय, याचे उत्तर त्या परीक्षेत नाही. आमवाताने आखडलेल्या बोटांना प्लास्टिकची जिभली दाबणे किती कठीण जाते, हे ज्या घरात आजी एकटी राहते त्या घरात विचारावे. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा त्याही पलीकडे, आणि बूढापाऱ्यातील जुन्या घरात दोन म्हातारी माणसे, हे चित्र आता अपवादाचे राहिलेले नाही. तेथे न उघडलेली बाटली शेजारचा मुलगा शाळेतून येईपर्यंत फळीवर वाट पाहते. औषधाच्या वेळा मग त्याच्या शाळेच्या वेळांवर ठरतात.

झाकणातून सुटून पडणाऱ्या तुकड्याचाही विचार जगाला उशिराच सुचला. ओहायोतील एर्मल फ्रेझ याने 1960 नंतर पेयाच्या डब्यावर ओढून काढावयाची कडी आणली तेव्हा लोक हरखले. पण थोड्याच वर्षांत समुद्रकाठच्या वाळूत त्या कड्यांचा खच पडला आणि अनवाणी पाय कापू लागले. 1975 साली डॅनियल कुड्झिक याच्या रचनेची कडी आली. ती तोंड आत ढकलते आणि स्वतः डब्यालाच चिकटून राहते. आज जगभर तीच चालते, आणि तीही दाबून उघडण्याचीच तऱ्हा आहे. युरोपीय संघाने तर 3 जुलै 2024 पासून तीन लिटरांपर्यंतच्या पेयपात्रांची प्लास्टिकची टोपी उघडल्यावरही पात्राला जोडलेलीच राहिली पाहिजे, असे बंधन घातले. तेथील लोकांनी प्रथम कुरकूर केली, टोपी नाकाला लागते म्हणून.

आपल्याकडे 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून टाकावयाच्या प्लास्टिकच्या पेल्यांवर, ताटल्यांवर, चमच्यांवर आणि नळ्यांवर बंदी आली. पेला कागदाचा झाला. त्याच्या माथ्यावर झाकण बसवतात ते मात्र पुष्कळदा प्लास्टिकचेच असते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे पाणी उताराकडे धावते, आणि तलावाकाठच्या वस्तीत तो उतार कोणाकडे असतो हे सांगावयास नको. डबा कोणी सहसा फेकीत नाही, निदान मराठी घरात तरी नाही. आइस्क्रीमच्या डब्यात कढीलिंब राहतो, लोण्याच्या डब्यात वाटण राहते, श्रीखंडाच्या डब्याला तर निवृत्ती माहीतच नसते. परंतु जिभली आत गेलेल्या झाकणाला हे दुसरे आयुष्य मिळत नाही. त्याच्या माथ्यावर भोक राहते आणि पावसाळ्यात त्यातून ओल शिरते. बूढापाऱ्यातल्या गृहिणीने त्यावरही तोड काढलेली दिसते. असे झाकण असलेल्या डब्यात ती रांगोळी भरते, आणि त्याच भोकातून पहाटे उंबऱ्याशी बारीक धार सोडते.